बालविभागाला कुलूप लावायच्या आधी

पोस्ट लांब आहे. रील नाही, फोटो नाही. पण आपल्या गावात ज्यांच्या घरी शाळेत जाणारं लेकरू आहे त्यांनी, आणि ज्यांच्याकडं नातवंडं सुट्टीला येतात त्यांनीही, शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

विषय आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा आहे. कार्यकारिणीपुढं एक प्रस्ताव आलाय. वरच्या मजल्यावरचा बालविभाग बंद करायचा, तिथली पुस्तकं खालच्या कपाटात हलवायची आणि त्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी तीस खुर्च्यांची अभ्यासिका काढायची. खुर्चीमागं महिना सहाशे रुपये. हा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजुरीला येणार आहे. गावात याची कुठंच चर्चा नाही. पाणी आठ दिवसांनी येतं त्याची चर्चा आहे, बायपासची चर्चा आहे, नगरसेवक कोण कुठल्या पक्षात गेला त्याची तर रोजच आहे. लेकरांची एक खोली जाणार आहे, हे चार माणसांना माहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मी कार्यकारिणीच्या विरोधात लिहीत नाही. ही माणसं बिनपगारी काम करतात. पावसाळ्यात छत गळायला लागलं की त्यातलेच एक साठीचे गृहस्थ स्वतः वर चढून ताडपत्री टाकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांचा हिशोब सरळ आहे. तीस गुणिले सहाशे म्हणजे महिन्याला अठरा हजार. वर्षाला दोन लाख सोळा हजार. आणि बालविभागातून वाचनालयाला येतंय काय? जवळजवळ शून्य. कुठल्याही व्यवहारी माणसाला हा ठराव पटेल. मलाही पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यात गैर काही दिसलं नाही. पैशाची अडचण खरीच आहे, आणि ती का आहे हे आधी समजून घेऊ.

आपल्याकडं लोकांना वाटतं वाचनालय म्हणजे सरकारी खातं. तसं नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याची रचना अशी की गावातल्या लोकांनी संस्था काढायची, ग्रंथालय चालवायचं आणि सरकारनं मान्यता देऊन वर्षाचं परिरक्षण अनुदान द्यायचं. अ, ब, क, ड असे वर्ग. राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत. तमिळनाडूत (तेव्हाच्या मद्रास राज्यात) १९४८ च्या कायद्यानं आणि कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. म्हणजे घरपट्टी भरली की त्यातला थोडा हिस्सा ग्रंथालयाला जातोच. आपल्या कायद्यात हा उपकर नाही. त्यामुळं आपली ग्रंथालयं दरवर्षी सरकारच्या तोंडाकडं बघत बसतात.

अनुदान किती? सगळ्यात खालच्या ड वर्गाचं उदाहरण घ्या. राज्यातली खेड्यापाड्यातली हजारो ग्रंथालयं याच वर्गातली. त्यांना कित्येक वर्षं वर्षाला तीस हजार रुपये मिळायचे. महिन्याला नाही, वर्षाला. २०२२ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं साठ टक्के वाढ द्यायचं ठरवलं, त्या हिशोबानं अठ्ठेचाळीस हजार. त्यातले निम्मे पगाराला धरले तर महिन्याला दोन हजार. दोन हजारात ग्रंथपाल! आपल्याकडं बांधावर गवत कापायला माणूस लावला तर त्याला चार-पाच दिवसांत याच्यापेक्षा जास्त द्यावे लागतात. आपलं वाचनालय ड वर्गात नाही, जरा वरचं आहे, पण तिथंही गत फार वेगळी नाही. वीजबिल, वर्तमानपत्रांची बिलं, रंगरंगोटी, दोन माणसांचा पगार आणि हप्ता कधी येईल याची खात्री नाही. मार्चच्या तोंडावर पैसे आले की मग पंधरा दिवसांत पुस्तकं घ्यायची धावपळ.

त्या धावपळीत बालविभागाचं काय होतं ते सांगतो, कारण बालविभाग का ओस पडला याचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

मार्चमध्ये विक्रेता गठ्ठे घेऊन येतो. सवलत जास्त ज्या पुस्तकांवर, ती घेतली जातात. मुलांच्या नावाखाली येतं काय, तर बत्तीस पानी थोरांची चरित्रं, निबंधमाला, सुविचार संग्रह, 'चातुर्यकथा भाग १ ते १०', वैदिक गणित. चित्रं असलीच तर धुरकट. कागद असा की पान उलटताना फाटावं. मी वर जाऊन कपाट बघितलं. एकाच थोर पुरुषाची सहा वेगवेगळ्या प्रकाशनांची सहा चरित्रं होती, आणि सहाही वाचून मला शंका आली की पाच जणांनी एकाचं बघून लिहिलंय. त्याच कपाटात माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं नव्हती. 'फास्टर फेणे'चे दोन भाग होते, त्यातल्या एकाला शेवटची पानं नव्हती. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका किती स्वस्तात मिळते! तिची जेमतेम दहा-बारा पुस्तकं होती. गेल्या काही वर्षांत मराठीत मुलांसाठी इतकी सुंदर चित्रपुस्तकं आली आहेत, ज्योत्स्ना प्रकाशनानं काढली, प्रथम बुक्सनं काढली. त्यातलं बहुतेक आपल्या गावापर्यंत पोचलेलंच नाही.

आणि जी चांगली पुस्तकं होती त्यांचं काय केलं, तर बाइंडिंग! टिकावं म्हणून चित्रांचं मुखपृष्ठ आत टाकून वरून खाकी पुठ्ठा चढवलेला, पाठीवर शाईनं दाखल क्रमांक. शिवण इतकी आत घेतलेली की जोडपानावरच्या हत्तीचा मधला भाग गायब. सहा वर्षांच्या पोरानं कपाटापुढं उभं राहून काय बघायचं? सगळी पुस्तकं एकसारखी, तपकिरी. जुन्या तलाठी दफ्तरासारखी. बरं, हातात घेऊन बघावं तर कपाटाला कुलूप आणि काच. पुस्तक हवं तर नाव सांगा. ज्या लेकराला पुस्तकं कुठली असतात हेच माहीत नाही, त्यानं नाव काय सांगायचं?

वेळ बघा. बालविभागाची वेळ बोर्डावर लिहिली आहे, दुपारी तीन ते पाच. शाळा सुटते पाचला. शनिवारी शाळा सकाळची असते, तर शनिवारी दुपारी बालविभाग उघडत नाही, कारण तेवढ्यासाठी माणूस नाही. रविवारी सुट्टी. म्हणजे ज्या दोन दिवशी लेकरं मोकळी, त्या दोन्ही दिवशी खोली बंद. मी मागच्या महिन्यात तीन दुपारी तिथं जाऊन बसलो. एका दिवशी एक मुलगी आली, ती पण आईबरोबर, आईला दिवाळी अंक बदलायचा होता म्हणून. बाकी दोन दिवस मी आणि पाल.

अनामत तीनशे रुपये. वर आईवडिलांच्या आधारकार्डाची झेरॉक्स. पाण्याचा माठ खाली, स्वच्छतागृहाला कुलूप. भिंतीवर 'शांतता राखा', 'पुस्तके फाडल्यास दुप्पट किंमत वसूल केली जाईल' आणि 'मोबाईल वापरू नये' असे तीन बोर्ड. 'या, बसा' असं सांगणारा एकही नाही.

आता सांगा, एवढं सगळं करून ठेवल्यावर 'हल्लीची मुलं वाचत नाहीत हो' असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार आहे? दुकानाला कुलूप लावून गिऱ्हाईक येत नाही म्हणण्यासारखंच आहे हे.

आपल्याकडं मुलांसाठी कार्यक्रम होत नाहीत असंही नाही. होतात. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो. २०१५ पासून राज्यात हा दिवस पाळतात, कल्पना उत्तमच आहे. आपल्याकडं त्या दिवशी काय होतं ते मी बातमीदार म्हणून दरवर्षी बघतो. मुलांना शाळेतून रांगेनं आणतात. मांडव असेल तर बरं, नाहीतर उन्हात बसवतात. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ, स्वागतगीत, प्रास्ताविक, मनोगत, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय समारोप. वाचनाचं महत्त्व या विषयावर पाच माणसं दीड तास बोलतात. दीड तासात एकाही मुलाच्या हातात पुस्तक येत नाही. शेवटी बिस्किटाचा पुडा मिळतो. दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात 'उत्साहात साजरा' अशी बातमी येते, ती मीच लिहितो. आभाराची यादी न कापता छापावी लागते, नाहीतर फोन येतो. असो.

मग मुलं येतच नाहीत का? येतात. याच खोलीत येतात. मागच्या मे महिन्यात काय झालं ते फार थोड्या लोकांना माहीत आहे.

गावातलीच एक मुलगी, शिक्षकाची पदविका करून घरी बसलेली. तिनं ग्रंथपाल ताईंना विचारलं, सुट्टीत सकाळी तासभर मी मुलांना गोष्टी वाचून दाखवू का? ताई म्हणाल्या, पगार नाही बघ. ती म्हणाली, मागितला कुठंय? खोली झाडली, टेबलं भिंतीला लावली, घरून दोन सतरंज्या आणल्या. कुलूप काढून पुस्तकं जमिनीवर पसरून ठेवली, मुखपृष्ठ वर. पहिल्या दिवशी सहा मुलं. त्यातली दोन तिचीच भाचरं. आठवड्यानं खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी बातमीसाठी म्हणून गेलो आणि दाराशीच उभा राहिलो, कारण आत बसायला जागा नव्हती आणि आतून कुणी बाहेर यायला तयार नव्हतं.

ती करत काय होती? फार काही नाही. गोष्ट वाचायची. आवाज बदलून, चित्र सगळ्यांकडं फिरवून. मध्येच थांबायची, 'आता काय होईल रे?' पोरं ओरडायची. जिथं 'शांतता राखा' लिहिलंय तिथं अक्षरशः कल्ला. मग पुस्तक खाली ठेवायची आणि म्हणायची, पुढचं ज्याला वाचायचंय त्यानं घ्या. झुंबड.

तिथं मला तीन माणसं दिसली, ती सांगतो. भाजी विकणारी एक बाई रोज दहाच्या आत टोपलं लावायच्या आधी मुलीला सोडून जायची. एक दिवस ती स्वतःच पायरीवर बसून राहिली, गोष्ट संपेपर्यंत. दुसरे एक आजोबा. धोतर, टोपी, अक्षरओळख नाही. नातवाला घेऊन यायचे आणि त्याच्यापेक्षा जास्त रस त्यांनाच. चौथ्या दिवशी त्यांनी ताईंना विचारलं, मला पण एक गोष्ट येते, सांगू का? सांगितली. कोल्ह्याची आणि करडांची, त्यांच्या आईकडून ऐकलेली. ती कुठल्याच पुस्तकात नाही. मुलं त्यांना सोडेनात. आणि तिसरा एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा, ऊसतोड कामगाराचा. आईबाप सहा महिने कारखान्याच्या फडावर, हा कधी त्यांच्याबरोबर तर कधी आजीकडं. चौथीत आहे, पण जोडाक्षर आलं की अडखळतो. वर्गात वाचायला उभं केलं की पोरं हसतात. इथं त्याला कुणी वाचायला लावलंच नाही. विसाव्या दिवशी तो कोपऱ्यात एका तीन वर्षांच्या पोरीला पुस्तक वाचून दाखवत होता. चुकीचं वाचत होता, बऱ्याच ठिकाणी चित्र बघून आपल्या मनानं लावत होता. पोरीला काय कळतंय! ती ऐकत होती.

वीस दिवस हे चाललं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, त्या मुलीला दुसरीकडं नोकरी लागली, खोलीला परत कुलूप. आता ठरावात लिहिलंय की 'बालविभागास प्रतिसाद नसल्याने'. प्रतिसाद नव्हता, हे वाक्य खरं नाही. एवढंच कार्यकारिणीनं ठरावातून काढावं, अशी माझी पहिली मागणी आहे.

कुणी म्हणेल शाळा आहेत की, शाळेत ग्रंथालय असतं. असतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटात, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. काही शिक्षक जीव तोडून करतात, त्यांना नमस्कार. पण 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी त्रेचाळीस टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे शंभरातली सत्तावन्न पोरं पाचवीत जाऊनही दुसरीचा धडा सरळ वाचू शकली नाहीत. शाळेत पुस्तक म्हणजे परीक्षा. वाचनालयात पुस्तकाला परीक्षा जोडलेली नसते, आणि ज्याला वाचायला अडचण येते त्याला नेमकी तीच गोष्ट लागते. शिवाय शाळा फक्त मुलांची. वाचनालयात आई, आजी, आजोबा, धाकटं भावंडं सगळे एकत्र बसू शकतात. अशी आपल्या गावात दुसरी जागा सांगा. देऊळ आहे, दवाखान्याचा बाकडा आहे आणि एसटी स्टँड आहे. बागेचं भूमिपूजन दोनदा झालंय.

यात नवं काही नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. चार वर्षांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि गावोगाव वाचनालयं उभी केली, कारण शाळेत शिकलेला पोरगा पुढं वाचायला काही मिळालं नाही तर अक्षर विसरतो हे त्या राजाला कळलं होतं. जिथं वाचनालय नव्हतं तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग होता. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. साने गुरुजींच्या मागं प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला काढली, तिचं तरी काय होतं? आठवड्यातून एकदा मुलांना गोळा करून गोष्ट सांगायची. माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक अजून तिच्या आठवणी काढतात. आणि आमच्या मराठवाड्यात तर निजामाच्या काळात वाचनालय चालवणं हेच धाडसाचं काम होतं. सभा घ्यायला परवानगी लागायची, मग लोक वाचनालयाच्या निमित्तानं जमायचे. आपलं वाचनालयही त्याच लोकांनी उभं केलं. त्यांची तसबीर दर्शनी भिंतीवर आहे.

आजचं पाहिजे असेल तर लांब जायला नको. शेजारच्या कर्नाटकात २०१९ मध्ये ग्रामपंचायतींची ग्रंथालयं पंचायत राज खात्याकडं दिली. पाच हजारांहून जास्त आहेत ती. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा 'ओदुव बेळकु' नावाची मोहीम काढून शाळकरी मुलांना फुकट सभासद करून घेतलं. तिथल्या ग्रंथपालांचा पगार काही फार मोठा नाही. पण मुलांना अनामत नाही आणि मुलांना आत घेणं हे त्यांचं काम आहे, एवढं स्पष्ट केलं. आपल्याच राज्यात पालघर जिल्ह्यात 'क्वेस्ट' संस्थेचा गोष्टरंग हा कार्यक्रम आहे, कलाकार आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी करून दाखवतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना म्हणजे पुस्तकांची पेटी, जी माणसांच्या गटात फिरत राहते. ती आता देशाबाहेरच्या मराठी लोकांपर्यंत गेली आहे. महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली. आणि आपण असलेली खोली काढून घ्यायला निघालोय.

आता अभ्यासिकेच्या पोरांबद्दल. त्यांची गरज खोटी नाही. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं, टीव्ही चालू, शेजारी पिठाची गिरणी, अशात पोरगं राज्यसेवेचा अभ्यास कसा करणार? मला रोज भेटतात ही पोरं. चहाच्या टपरीवर, डोळे लाल, हातात चालू घडामोडींचं मासिक. यांना जागा मिळालीच पाहिजे. पण त्यांच्यासाठी स्टँडच्या रस्त्याला चार खाजगी अभ्यासिका आहेत, पाचवीचा बोर्ड परवाच लागला. लहान मुलांसाठी गावात अशी एकच खोली आहे. आणि एक निरीक्षण सांगतो, राग मानू नका. या पोरांना सगळ्यात जास्त घाम कशानं फुटतो विचारा. सीसॅटचा उतारा. पानभर मजकूर वाचून त्यात काय म्हटलंय ते सांगा, एवढाच तो प्रश्न. बावीस-तेविसाव्या वर्षी क्लासला हजारो रुपये भरून आपण त्यांना जे शिकवतो, ते आठव्या-नवव्या वर्षी सतरंजीवर फुकट झालं असतं.

पर्याय नाहीत असं नाही. अभ्यासिकेची पोरं सकाळी सहापासून बसतात. त्याच खोलीत सकाळी सहा ते दुपारी चार अभ्यासिका ठेवा आणि संध्याकाळी पाच ते सात, शनिवार दुपार आणि रविवार सकाळ मुलांना द्या. खुर्च्या घडीच्या घ्या. उत्पन्न थोडं कमी होईल, अठराऐवजी बारा हजार येतील, पण येतील. नाहीतर नगरपरिषदेच्या शाळेच्या पटसंख्येअभावी बंद पडलेल्या खोल्या आहेत, त्यातली एक अभ्यासिकेला मागा. वाचनालयाच्या नावानं मागितली तर नाही म्हणणं अवघड जाईल.

आणि पैशाबद्दल एक गोष्ट नगरपरिषदेतल्या मंडळींना जाहीर विचारतो. उत्पन्नातला पाच टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. दरवर्षी त्यातून शिलाई मशीनचं प्रशिक्षण, मेंदीचे वर्ग आणि मेळावा होतो. मेळाव्याच्या मंडपाचं बिल मी माहितीच्या अधिकारात बघितलंय, आज त्यावर बोलत नाही. त्या निधीतल्या 'बाल' या शब्दावर गेल्या पाच वर्षांत काय खर्च झाला, एवढं सांगा. मंडपाच्या निम्म्या पैशात बालविभागात गुडघ्याइतक्या उंचीची उघडी फडताळं होतील, सतरंज्या, पंखे आणि चारशे-पाचशे चांगली पुस्तकं येतील. त्या मे महिन्यातल्या मुलीसारख्या एखाद्या मुलीला महिना चार-पाच हजार मानधनही देता येईल. गावात पदविका करून घरी बसलेल्या मुली कमी आहेत का?

बाकी काही कामांना तर पैसाच लागत नाही. वेळ बदलायला लागत नाही. कुलूप काढायला लागत नाही. मुलांची अनामत माफ करायला ठराव लागतो, पैसा नाही. पुस्तकं फाटतील, अशी भीती ताईंना वाटते. फाटतील. चार फाटली तर वाचली गेली म्हणायचं. पण त्यासाठी ग्रंथपालाच्या पगारातून भरपाई कापायची ही जी पद्धत काही ठिकाणी आहे ती आधी बंद पाहिजे. दोन-चार हजारावर काम करणाऱ्या बाईला पुस्तक फाटल्याचा दंड बसणार असेल तर ती कपाट कशाला उघडेल? जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या तपासणीत दाखल नोंदवही आणि पुस्तकांची मोजणी जुळली पाहिजे, हा धाक वरून खालपर्यंत आहे. पुस्तक कपाटात शाबूत आहे का ते तपासतात. किती हातांतून गेलं, याला तेवढं महत्त्व नाही. डॉ. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचा पहिलाच नियम घातला तो पुस्तकं वापरासाठी असतात हा. त्यांच्या जन्मदिवशी १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. त्या दिवशी तरी कपाटं उघडी ठेवावीत.

पुस्तकं घेताना दोन-तीन शिक्षक आणि दोन-तीन आया सोबत घ्या. मार्चपर्यंत थांबू नका. बालभारतीचा 'किशोर' १९७१ पासून निघतो, त्याचे जुने अंक बालभारतीनं संगणकावर फुकट उपलब्ध करून दिलेत, वाचनालयातल्या बंद पडलेल्या संगणकाचा तेवढा तरी उपयोग करा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडून ग्रंथालयांना पुस्तकं मिळतात, बालविभागासाठीही मदत मिळते, त्याचा अर्ज कधी केला होता ते बघा. आणि एक कप्पा उर्दूचा ठेवा. गावातली पाव लेकरं उर्दू शाळेत जातात आणि वाचनालयात त्यांच्यासाठी एक पान नाही. तांड्यावरच्या पोरांची घरची भाषा वेगळी, त्यांना पुस्तक ऐकवलंच पाहिजे, नुसतं हातात देऊन भागत नाही. इंग्रजी शाळेतल्या आपल्या लेकरांचंही तेच झालंय, मराठी बोलतात फाडफाड, वाचायला दिलं की 'पप्पा, तुम्हीच वाचा'. माझ्या घरात हेच आहे.

सभेची माहिती देऊन थांबतो. सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या सभागृहात आहे. विषयपत्रिका खालच्या नोटीस बोर्डावर लावली आहे, बालविभागाचा विषय सातवा. दहाला गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासानं तिथंच पुन्हा भरते. त्या सभेला गणपूर्तीची अट नसते, असतील तेवढ्या लोकांत ठराव मंजूर. मागच्या वर्षी नऊ जण होते, त्यात मी धरून. आपल्या गावात आजीव सभासद कितीतरी आहेत, अनेकांच्या वडिलांनी पावत्या फाडल्या होत्या आणि आपण स्वतः सभासद आहोत हे कित्येकांच्या ध्यानातही नसेल. यादी ताईंच्या टेबलावर आहे, जाऊन नाव बघा. वर्गणीदार सभासदांची थकबाकी असेल तर शनिवारी संध्याकाळी आठच्या आत भरा, नाहीतर मत धरत नाहीत. येताना लेकरांना घेऊन या. सभेत बसवायचं नाही त्यांना, वरची खोली तेवढा वेळ उघडी ठेवायला ताई तयार आहेत, मी विचारून घेतलंय. भाजीवाल्या मावशींनाही निरोप दिलाय. त्या म्हणाल्या, रविवारी बाजार असतो, पण पोरीला पाठवते.